बाबांनी ताईचं मशीन तपासलं

मित्रांनो, चांगली बातमी आली की तुम्ही लगेच विश्वास ठेवता का? आमच्या विजय नगरच्या घरात आज सकाळी कोणी ठेवला नाही.

माझ्या ताईला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसं बिघडवणारा आजार आहे. फुफ्फुसं एकदा बदलली, ती शरीराने नाकारली, म्हणून दुसऱ्यांदा बदलली. दुसऱ्या खेपेचा भरवसा पहिल्यापेक्षा कमी, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. आता रोज सकाळी ती एका छोट्या मशीनमध्ये जोरात फुंकते, की फुफ्फुसांची ताकद आकड्यात दिसते.

आज आकडा दुसऱ्या ऑपरेशननंतरचा सगळ्यात चांगला आला. ताई खूश, बाबांच्या कपाळावर आठ्या.

बाबा संरक्षण कारखान्यात माल तपासायचे. म्हणाले, "आधी मोजायचं गेज तपासायचं, मग माल." स्वतःसाठी वेगळी नळी लावून त्यांनी फुंकलं. आकडा ताईपेक्षा कमी. परत फुंकलं, आणखी कमी.

"बाबा, आता तुम्हालाच डॉक्टरकडे नेऊ का?" ताई म्हणाली.

"मशीन में ही कुछ गड़बड़ है," बाबा म्हणाले. पहिल्या ऑपरेशननंतरही आकडे सुरुवातीला असेच छान होते.

ताई मास्क लावून इथल्याच गोरखपुर बाजारात साडी बघायला निघाली. इतका वेळ मी बाबांना हसून राहिलो होतो. ती जिना उतरायला लागली तसा मीच दाराला कान लावून उभा राहिलो.

खालून तिचा आवाज आला, "मी खोकून नाही राहिली. जा आत, चहा पी."