पुसलेलं निवेदन

जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास आला की वलगावच्या विहारातलं वाचनालय आठवतं. तिथल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. मोकळं, कुणीही घ्यावं असं. वस्तीतली एक ताई त्यावर महिनाभर पाण्याच्या नळासाठी निवेदन लिहीत होती. ते द्यायच्या सकाळी पाहतो तर सगळं पुसून वर चोरीचं, विनापरवाना विंडोज! वाचनालयाचे अध्यक्षकाका म्हणाले, "फुकटचं हलकंच रायते बापू. दुकानातून चांगलं टाकून आनलं." मी भडकलो, "काका, चोरलेलं चालते अन् देलेलं चालत नाही?" ताई म्हणाली, "भांडा तुमी, मी लिहून राहिली," आणि वही उघडून पहिल्या ओळीपासून हातानं लिहायला बसली. काकांवरचा राग मी आजही मोकळ्या सॉफ्टवेअरवरच्या सभेत बोलून दाखवतो. त्या फाइलची दुसरी प्रत मीही ठेवली नव्हती, हे मात्र सांगत नाही.