म्हस्कूआप्पांच्या गाडीचे दिवे

परदेशी बनावटीच्या गाडीतून डेअरीला दूध घालायला येणारा माणूस न्हावऱ्यात एकच, म्हस्कूआप्पा. मागच्या सीटवर पोतं अंथरलेलं, पोत्यावर दुधाची किटली, आणि पुढं पटका बांधलेले आप्पा स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेले. डेअरीत दुधाची फॅट तपासायचं काम माझं, त्यामुळं खिडकीतून मला सगळं दिसतं. पहिल्यांदा तो थाट पाहिला तेव्हा मी पोट धरून हसले होते. पुढं सवय झाली.

आप्पा तरुणपणी बापाबरोबर मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. पोरगा शाळेत घालायचा म्हणून त्यांनी मेंढरं विकली, गाई घेतल्या आणि एका जागी राहिले. तो पोरगा, स्वराज, शिकला, पुण्यात नोकरीला लागला. कुणाकडून तरी वापरलेली पण भारी गाडी घेतली. बंगळुरूला बदली झाली तेव्हा ती त्यानं आईबापाच्या दारात आणून लावली. आईचे, म्हणजे अनसाबाईंचे, गुडघे दुखतात, दवाखान्यात जायला यायला होईल म्हणाला.

त्या गाडीत कंपनीनंच एक सिमकार्ड बसवून दिलेलं होतं. स्वराज बंगळुरूत बसून फोनवर बोट टेकवायचा आणि इथं गाडीचे दिवे उघडझाप करायचे. गर्दीत आपली गाडी सापडावी म्हणून केलेली ती सोय. बापलेकांनी तिचा भलताच उपयोग काढला. रानात मेंढरं बसवायची तेव्हा एका तळावरून दुसऱ्या तळाला बॅटरी दाखवून खूण करायची पद्धत होती, म्हणजे इकडं सगळं खुशाल आहे. आप्पांनी हे पोराला लहानपणी सांगितलेलं. त्यामुळं रोज दिवेलागणीला, दूध घालायच्या वेळेला, डेअरीसमोर गाडीचे दिवे लागायचे आणि आप्पा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे, "स्वराज खुशाल हाय."

लोक थट्टा करायचे. साहेबांची सलामी आली म्हणायचे. आप्पांना ती थट्टा दुधाच्या भावापेक्षा गोड लागायची.

पोळ्याच्या सुमाराला दिवे लागायचे थांबले. पोरगं कामात असेल, असं आप्पा आपणहून सांगू लागले. आठवडा गेला. थट्टा करणारेच आता हळू आवाजात विचारायला लागले आणि ती काळजी आप्पांना थट्टेपेक्षा जास्त झोंबली. बरं, पोराला तरी काय विचारणार? तू दिवे का लावत नाहीस, हे फोनवर विचारायला कुठल्या बापाची जीभ उचलेल? त्यातून स्वराजचे फोनही विरळ झालेले.

मग एका संध्याकाळी दिवे पुन्हा लागले. "स्वराज खुशाल हाय," आप्पा म्हणाले, पण आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला नाही. मी खिडकीतून बघत होते. आधी पुढचे मोठे दिवे बराच वेळ उघडझाप करायचे. आता कोपऱ्यातले पिवळे तेवढे चमकले, दारं खट् करून वाजली, आणि आप्पांचा हात बंडीच्या खिशात होता. गाडीची किल्ली त्याच खिशात असते. किल्लीचं बटण दाबून गाडी लॉक केली की दिवे चमकतातच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज त्यांची आणि मान माझी खाली गेली. तेव्हापासून आप्पांची गाडी आली की मी दुधाच्या नमुन्यातून डोळे वर काढत नसे.

दिवाळी झाली. स्वराज आला नाही, त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणे. पाटसच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या आणि त्या दिवसांत आमचे चेअरमन सर्जेराव दौंडला लेकीकडं जाऊन आले. त्यांच्या जावयाची गाडी अगदी आप्पांसारखी. तिचं फोनवरून काहीच चालेना म्हणून जावयानं ती पुण्याला दाखवली, तर तिथं कळलं की त्या गाडीतलं सिम ज्या जुन्या थ्रीजी नेटवर्कवर चालायचं, ते दिवाळी होताच कायमचं बंद केलंय. आतलं यंत्रच जुनं, नवीन नेटवर्क त्याला पकडता येत नाही. गाडी पळते, पण फोनचा तिचा संबंध संपला. सर्जेराव रांगेत उभे राहून हे रंगवून सांगत होते. तेवढ्यात आप्पा आले, गाडीतून उतरले, आणि मागं दिवे चमकले.

सर्जेरावांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, एवढंच.

"आप्पा, नेटवर्क तर बंद झालंय. मग तुमच्या गाडीचे दिवे कसे लागत्यात?"

सगळी रांग वळली. आप्पांचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या खिडकीत ठेवली.

"म्या दाबतो," ते म्हणाले. "नेटवर्क गेल्यापास्नं. दिवाळीपातूर पोरगंच लावत व्हतं."

कुणीतरी फिस्कन हसलं, मग सगळेच हसले. म्हातारपणी किल्लीशी खेळ मांडला म्हणाले. आप्पाही ओशाळून हसले. मला सर्जेरावांचा संताप आला, हसणाऱ्यांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या बंगळुरूच्या साहेबाचा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ते दिवे कोण लावत होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोराचं नाव राखायला आप्पांनी गावासमोर स्वतःचं हसू करून घेतलं होतं. मी काही बोलले असते तर त्यांनी राखलेलं तेवढंही गेलं असतं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आप्पा चालत आले, किटली खांद्यावर. माझ्या खिडकीशी पोचले आणि स्वराजचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, फोन कायम स्पीकरवर. नेटवर्क बंद झाल्याचा कंपनीचा निरोप स्वराजनं आत्ता कुठं उघडून पाहिला असावा.

"आप्पा, त्या गाडीचं नेटवर्क बंद पडलंय," तो म्हणाला. "म्हणून दिवे लागत नाहीत. मी इकडून रोज करतोय."

आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. या वेळी मला मान खाली घालता आली नाही.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "दिवाळीपातूर रोज लागत व्हते की. एक दिस खाडा न्हाई. समद्यांनी बघितलंय."

पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. आप्पांनी आईचे गुडघे आता बरे आहेत असं सांगितलं, फोन बंद केला आणि किटली माझ्याकडं सरकवली.