मुक्कामाला न राहणाऱ्या बाई

टीचरबाई कुणाच्याही घरी मुक्कामाला राहत नसत. लग्न असो, मुंज असो, त्या मुहूर्ताला यायच्या, अक्षता टाकायच्या, पहिल्या पंगतीला जेवायच्या आणि हात पुसता पुसता घड्याळाकडे बघायच्या. "निघते ग. लेकरं उपाशी आहेत." ज्यांना ठाऊक नसायचं ते चपापायचे, कारण बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. मग कुणीतरी हळूच सांगायचं, "मांजरं आहेत तीन."

गेल्या श्रावणात त्या गेल्या. तेव्हापासून लिहीन म्हणते आहे, पण ओळ पुढे सरकत नाही.

हैदराबादेत काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि समोरच्या आवारात दोन कौलारू खोल्यांमध्ये बाई राहायच्या. शहरातल्या एका मराठी शाळेत त्यांनी मला शिकवलं. पुढे मी त्याच शाळेत ग्रंथालय सांभाळायला लागले तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या. शाळाही तशी उतरणीलाच लागली होती. गल्लोगल्ली कॉन्व्हेंट निघाली होती, कोपऱ्यावर कॉम्प्युटर शिकवणारा क्लास आला होता, आणि मराठीचा एकेक वर्ग मिटत चालला होता. गल्लीतले सगळे, भाजीवाल्या मल्लम्मापासून घरमालकांपर्यंत, त्यांना टीचरबाईच म्हणायचे. मी नुसतं बाई म्हणायची.

बाईंचे वडील मीटरगेजवर गार्ड होते. त्यामुळे मांजरांची नावं काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीच्या स्टेशनांवरून पडायची, आणि तीही क्रमाने. मेडचल, कामारेड्डी, निजामाबाद माझ्या लहानपणीच येऊन गेली. मी जे सांगते आहे त्या दिवसांत बासर, धर्माबाद आणि उमरी होती. बासर म्हातारी, एका डोळ्यात फूल पडलेलं. धर्माबाद हा पिवळा, लठ्ठ बोका. उमरी त्यातली पोरसवदा. "मी एकही पाळलेलं नाही," बाई सांगायच्या, "ती आली. आलेल्याला बाहेरची वाट दाखवायला मला जमत नाही."

बाईंना एकच बहीण होती, नलूताई. त्या नांदेडला असायच्या. यजमान गेल्यावर त्यांचं घर रिकामं झालं आणि त्यांनी बाईंना कायमचं बोलवायला सुरुवात केली. इकडे घरमालकांनी आवार बिल्डरला द्यायचं ठरवलं. तिथे अपार्टमेंट उठणार होतं. सगळं कसं एका दिशेला चाललं होतं. बाईंनाही जायचं होतं. आई गेल्यावर नलूताईंना त्यांनीच वाढवलं होतं, आणि त्यांचं नाव घेतलं की बाईंचा चेहरा पोरीसारखा व्हायचा. अडचण एवढीच की नलूताईंना दमा होता. मांजराच्या केसांनी त्यांचा श्वास कोंडायचा. म्हणजे मांजरं कुणाला तरी द्यायची आणि मग निघायचं.

बाई दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून नांदेडला फोन लावायच्या. काचेच्या खोलीतून आवाज बाहेर यायचाच. "उमरीचं जमेल असं वाटतंय... नाही ग, धर्माबादचं मोडलं... बासरला कोण पसंत करणार, वय झालंय." बूथवाल्या मियांना मराठी अर्धंमुर्धं कळायचं. एकदा त्यांनी मोठ्या आस्थेनं विचारलं, "टीचरबाई, बच्चियों के रिश्ते जमे क्या?" बाई म्हणाल्या, "नक्को पूछो मियां. अच्छे घरां मिलतेच नहीं."

चांगलं घर कसं ओळखायचं याची बाईंची एक परीक्षा होती. मांजर मागायला कुणी आलं की त्या चहा द्यायच्या, घरात कोण कोण आहे ते विचारायच्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "मे महिन्यात गावाला जाता का?" आता हैदराबादेतलं कुठलं मराठी घर मे महिन्यात गावाला जात नाही? कुणाचं गाव लातूरकडे, कुणाचं बिदरकडे. शाळा सुटली की घराला कुलूप लागायचं ते मृगाच्या तोंडाशीच उघडायचं. लोक भाबडेपणानं "हौ, जातो ना" म्हणायचे आणि तिथेच नापास व्हायचे. आम्हीही नापास झालो. मी बासरला मागितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळेच्या सगळे औरादला जाता."

"शेजारच्या काकू दूध घालतील की, बाई."

"दूध घालणं वेगळं ग, आणि घरात माणूस असणं वेगळं."

बाई स्वतः कित्येक वर्षं कुठल्याच मे महिन्यात कुठे गेल्या नव्हत्या. नलूताईंचे यजमान गेले तेव्हासुद्धा त्या सकाळी पोचल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघाल्या.

कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात बाईंच्या ओळखीचे एक दुकानदार होते. त्यांना गाव नव्हतं, आणि उंदरांनी दुकान पोखरलं होतं. धर्माबाद तिकडे गेला. आम्ही दोघी त्याला वेताच्या टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, बसमधून घेऊन गेलो होतो. थोड्याच दिवसांत दुकानदार तीच टोपली घेऊन दारात हजर.

"टीचरबाई, ये बिल्ला काम का नहीं. चूहा सामने से जाता, इने देखते बैठता."

"त्याला कुणी शिकवलंच नाही हो," बाई म्हणाल्या.

"तुमने नहीं सिखाए तो कौन सिखाता? टीचर तो तुम हैं!"

बाई त्या दिवशी खूप दिवसांनी मनापासून हसल्या. धर्माबाद टोपलीतून उतरून सरळ आपल्या जागेवर जाऊन बसला.

उमरीचं मात्र खरोखरच जमलं होतं. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेलं एक जोडपं होतं, सिकंदराबादच्या बाजूला नव्या अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावर. मे महिन्यात त्यांना सुटी नसायची, तेव्हा गावाला जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यातली मुलगी लाघवी होती, बाईंच्या पाया पडली आणि उमरीला घेऊन गेली. पुढच्याच रविवारी बाई मला घेऊन बघायला गेल्या. उमरी बाल्कनीत गजांना नाक लावून खाली बघत बसली होती.

"आता पलंगाखालून बाहेर यायला लागलीय," ती मुलगी म्हणाली. "अजून थोडे दिवस राहू द्या ना, मावशी. रुळेल."

"ती जमीन बघते आहे," बाई म्हणाल्या.

परतताना बसमध्ये टोपली बाईंच्या मांडीवर होती. त्यातून उमरीचा आवाज येत होता आणि कंडक्टर तेलुगूत काहीतरी चेष्टा करत होता. मी म्हटलं, "बाई, ती पोरगी रडत होती." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मला कळत नाही का ग?" एवढंच म्हणाल्या.

दिवाळीनंतर नलूताई स्वतःच आल्या. बारीक झाल्या होत्या, दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यायच्या. बाईंच्या घरात त्यांना पाऊल टाकता येईना, म्हणून त्या झोपायला आमच्याकडे आणि दिवसा समोरच्या आवारात, सीताफळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून. मांजरं अंगणात येऊ नयेत म्हणून बाईंनी दार लावून घेतलेलं. मांजरांनी आत आरडाओरडा केला की त्यांनाही आत जावं लागायचं, आणि मग दोघी बहिणींचं बोलणं खिडकीच्या गजांमधून चालायचं. बाई गजांमधूनच चहाचा कप बाहेर द्यायच्या. नलूताईंनी एकदा आईची कसलीशी आठवण काढली, दोघी हसल्या, आणि नलूताईंना खोकल्याची उबळ आली. बाईंनी हात बाहेर काढला, पण तो त्यांच्या पाठीपर्यंत पोचेना. पदर झटकून, हातपाय धुऊन बाहेर येईपर्यंत उबळ थांबलेली होती.

निघायच्या दिवशी नलूताई म्हणाल्या, "अक्का, यांना कुणी घेत नाही असं नाहीये. तू कुणाला देत नाहीस."

"देईन. पण नीट देईन."

"नीट म्हणजे किती ग?" नलूताई हसत होत्या. "मी थांबते आहेच म्हणा. माझ्या छातीला विचारून सांगते."

स्टेशनवर बाई गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत चालत गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात धर्माबाद बाहेर पडला तो परत आलाच नाही. स्टेशनच्या रस्त्यावर उमरी रिक्षाखाली आली. बाईंनी तिला सीताफळाखाली पुरलं आणि दोन दिवस चूल पेटवली नाही. बासर तेवढी उरली. आता तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. भिंतीला अंग घासत ती घरभर फिरायची. फोनवर बाई नलूताईंना सांगायच्या, "हिला आता दुसऱ्या घरात नेलं तर पाण्याचं भांडंसुद्धा सापडायचं नाही. ही आहे तोवर." पुढचं वाक्य त्या पुरं करत नसत. बासरनं जावं असं त्यांना वाटत नव्हतं आणि नलूताईंकडे जायचं तर तिच्या जाण्याचीच वाट बघायला हवी होती. मला आठवतं, त्या काळात बाई बासरला फार जपायच्या, आणि तिच्याकडे बघायच्या मात्र कमी.

आमच्याकडे नुकताच फोन बसला होता. निरोप त्याच्यावरच आला. नलूताई सकाळीच गेल्या होत्या, दवाखान्यात नेईपर्यंतही दम निघाला नाही. मी समोर जाऊन सांगितलं. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, दोन लुगडी पिशवीत भरली, बासरला उचललं आणि माझ्या हातात दिलं. काय खाते, कुठे झोपते, काही सांगितलं नाही. मला काही विचारलं नाही. चप्पल घालून निघाल्या.

त्या तेराव्यापर्यंत तिथेच राहिल्या.

परत आल्या तेव्हा दुपार होती. पिशवी आमच्या बाहेरच्या ओट्यावर ठेवून त्या तशाच स्वयंपाकघरात आल्या. बासर ओट्याखाली पोत्यावर निजली होती. पहिल्या दिवशी ती दोनदा भिंतीला धडकली होती. मग तिला वाट सापडली, पाणी सापडलं, आणि माझ्या आईची मांडीही. ती दोन वेळा भात खात होती. बाईंची वाट बघत दाराशी बसल्याचं मला तरी आठवत नव्हतं, आणि बाईंनी विचारलंच तर काय सांगायचं याची जुळवाजुळव मी दोन दिवस करत होते.

बाईंनी विचारलं नाही. त्या खाली बसल्या आणि बासरच्या पोटावरून हात फिरवला. तिनं अंग ताणलं, वास घेतला आणि पुन्हा डोळे मिटले. तिच्या अंगावर चांगलं मांस चढलं होतं. बाईंचा हात तिथेच थांबला.

"चांगली राहिली की ग," त्या म्हणाल्या.

आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी तो घेतला, पण प्याल्या नाहीत.

"म्हणजे जाता आलं असतं."

मी "बाई" म्हटलं. बाईंनी तांब्या खाली ठेवला. मग पदर खोचला, बासरला दोन्ही हातांनी उचलून खांद्याला लावलं आणि समोरच्या आवारात आपल्या घरी गेल्या. तेरा दिवस बंद असलेल्या घराचं दार त्यांनी उघडलं आणि आत जाऊन ते लावून घेतल्याचा आवाज आला. तेव्हा त्या आवाराला बिल्डरनं पत्रे ठोकायला सुरुवात केली होती.