उरलेल्यांचा श्वास

फुंकणीबाई हे नाव तिला वस्तीतल्या पोरांनी पाडलं. आरोग्य खात्याच्या पाहणीसाठी ती घरोघर हिंडायची. खांद्याला पिशवी, पिशवीत एक पांढरं यंत्र, आणि यंत्राला जोडलेली नळी. माणसाला खुर्चीवर ताठ बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि मग ओरडायचं, "आता फुंका! फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून... बस!" आत किती हवा होती आणि ती किती जोरानं बाहेर आली, ते यंत्र दाखवायचं. संध्याकाळपर्यंत तिचाच घसा बसलेला असायचा. नवरा बस चालवायचा, तोही दिवसभर गाड्यांच्या आवाजानं विटून यायचा. "आपल्याला भांडायचंही त्राण नाही," तो म्हणायचा, "म्हणून तर संसार टिकलाय."

पाहणी दोन ठिकाणी चालली होती. एक टेकडीवरची बंगल्यांची वसाहत, दुसरी तिच्या पायथ्याची वस्ती. पाहणीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, किडकिडीत, फार कमी बोलणाऱ्या. कामावर घेताना त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "माणूस आजारी का पडतो हे दवाखाना बघतो. कुठे राहणारी माणसं जास्त आजारी पडतात आणि लवकर मरतात, ते आपण बघायचं. खालच्या वस्तीसाठी मला दवाखाना मागायचाय. आकड्यांशिवाय कुणी दारात उभं करत नाही."

टेकडीवर काम कधी कधी करमणुकीचं असायचं. एक निवृत्त मास्तर होते, पांढरीशुभ्र मिशी, रोज फिरायला जाणारे. त्यांनी असं काही फुंकलं की नळी हातातून निसटली. "शेजारच्या वकिलापेक्षा जास्त आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. दुसऱ्याचा आकडा सांगायचा नाही असा नियम होता. ती नुसती हसली, आणि मास्तर दिवसभर खूश राहिले असणार.

खालच्या वस्तीत कुणी कुणापेक्षा जास्त का, असं विचारत नसे. वस्ती फरशीच्या कारखान्याच्या भिंतीला चिकटून होती. आत दगड कापायचे, घासायचे, चकाकी आणायचे. त्याची पांढरी भुकटी हवेत उडायची आणि झाडांच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकून ठेवलेल्या पाण्यावरसुद्धा बसायची. कामगार सुटले की पापण्या पिकलेल्या माणसांचा लोंढा बाहेर पडायचा. खोल्या कारखान्याच्याच मालकीच्या. काम असेपर्यंत खोली.

फुंकणीबाई याच वस्तीत जन्मलेली. लग्न झालं आणि ती बाहेर पडली. तिचा थोरला भाऊ मात्र तिथेच होता. वडील लवकर गेले तेव्हा दादानं शाळा सोडून घासकामाला हात घातला आणि तिला शिकवलं. तिच्या वह्यांवरची पांढरी बोटं त्याची असायची.

दादाच्या घरी यंत्र घेऊन जायचं ती टाळत राहिली. शेवटी गेली तेव्हा दादा भिंतीला उशा लावून, बसल्या बसल्या डुलकी काढत होता.

"रात्रीही असाच झोपतो," वहिनी आतून म्हणाली. "आडवं झालं की गुदमरतं म्हणे."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. मला म्हणाला, तुम्हाला सांगायचं नाही."

दादानं डोळे उघडले, यंत्राकडे बघितलं आणि मान हलवली. "हे नको. मुकादमाला कळलं तर?"

"कुणाला कळत नाही, दादा. नाव कुठेच जात नाही. शप्पथ."

तो फुंकायला बसला. तिनं नेहमीसारखं ओरडायला सुरुवात केली, आणि "अजून" म्हणता म्हणता ती थांबली, कारण नळीतून पुढे हवा येतच नव्हती. दादा खोकत खोकत वाकला. यंत्रावरचा आकडा म्हाताऱ्याचा होता. टेकडीवरच्या मास्तरांच्या निम्मासुद्धा नाही. आणि दादाचे केस अजून काळे होते.

"नापास ना?" त्यानं डोळे पुसत विचारलं. "पुन्हा फुंकू? कधी कधी दुसऱ्या वेळी जमतं."

"परीक्षा नाही ही, दादा."

"मग चेहरा का असा केलायस?"

तिनं हट्ट धरून त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन यायला अख्खा दिवस मोडायचा. त्यानं खाडा केला, रांगेत बसला, छातीचा फोटो काढून आला. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"धूळ सोडा म्हणाले. म्हटलं, साहेब, मी सोडीन हो. ती मला सोडेल का?" स्वतःच्याच विनोदावर तो हसायला गेला आणि खोकला उसळला. तोंडात ओढायचं औषध दिलं होतं, ते त्यानं उशाखाली ठेवलं.

पाहणीचा पहिला अहवाल निघाला. पायथ्याच्या तरण्या माणसांची फुफ्फुसं टेकडीवरच्या म्हाताऱ्यांपेक्षा जुनी झालेली आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट लिहिलं. कुणाचं नाव नव्हतं, खोलीचा नंबर नव्हता. वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी गाजली. दवाखाना होणार, असं मोठी माणसं बोलू लागली. फुंकणीबाईनं त्या आठवड्यात नवऱ्याला दोनदा सांगितलं की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपण काहीतरी केलंय असं वाटतंय.

कारखान्याच्या मालकानं बातमी वाचली. त्यानं धूळ ओढून घेणारे पंखे बसवले नाहीत. त्यानं तसंच एक यंत्र विकत घेतलं, स्वतःचा डॉक्टर आणला आणि एकेका कामगाराला फुंकायला लावलं. ज्यांचा श्वास कमी भरला त्यांना कामावरून काढलं. त्यांच्याच तब्येतीसाठी, असं मुकादमानं सांगितलं. काम गेलं, पाठोपाठ खोली गेली.

दादाचं घर रिकामं होत होतं तेव्हा ती मदतीला गेली. गल्लीत बायका दारांत उभ्या होत्या. ज्या तिला लहानपणी कडेवर घेऊन फिरल्या, त्यांतली एकही बोलेना. शेवटी शेजारीण पुढे आली. तिचाही नवरा काढलेल्यांत होता.

"फुंकणीनं चूल पेटते एवढं ठाऊक होतं ग," ती म्हणाली. "तुझ्या फुंकणीनं विझवली."

फुंकणीबाई पिंपात भांडी भरत होती, ती भरत राहिली. दादानं ऐकलं होतं. दार ओढून घेत तो म्हणाला, "तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तू थोडीच धूळ आणलीस?" त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

काढलेली माणसं पांगली. दादाला जागा मिळाली ती शहराच्या कडेला, कचऱ्याच्या डोंगरापलीकडे, पत्र्याच्या खोलीत. कचरा सतत धुमसत असायचा. धुळीतून सुटलेला माणूस धुरात जाऊन पडला. तिनं त्याला आपल्या घरी यायला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या घराला जिना आहे." एवढंच. त्याला आता जिना चढवत नव्हता हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

थंडी संपता संपता वहिनीचा निरोप आला. ती पोचली तेव्हा दुपार होती, पत्रा तापलेला होता. दादा भिंतीला टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळसर. दादाची शाळकरी मुलगी बापाचे पाय चोळत होती. प्रत्येक श्वास तो खांदे उचलून, कुठून तरी खणून काढल्यासारखा घेत होता. मध्येच थांबायचा. तो थांबला की खोलीतले सगळे थांबायचे. फुंकणीबाईच्या ओठांवर आपोआप तेच आलं जे ती दिवसभर परक्या माणसांना सांगायची. "अजून," ती म्हणाली. "दादा, अजून. अजून एक."

त्यानं तिचं ऐकलं. थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याला जमेना.

पाहणीच्या दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा तिनं काम सोडायचं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून घेतलं. "सोडलंस तर मी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण दवाखाना अजून मंजूर झालेला नाही. ही फेरी झाली नाही तर तो होणारच नाही." म्हणून ती गेली.

वस्तीत आता वेगळेच चेहरे होते. दादाच्या खोलीत दोन तरणी भावंडं राहत होती, नुकतीच दुरून कामाला आलेली. कारखान्यानं त्यांना फुंकायला लावूनच घेतलं होतं. दंड भरलेले, छाती रुंद. त्यांनी नळी तोंडात धरली आणि यंत्राचा काटा वर चढला. पुढच्या खोलीत तेच. त्याच्या पुढच्या खोलीत तेच. जुने जे उरले होते ते उरण्याइतके धडधाकट होते. फुंकणीबाई घरामागून घर करत गेली. आकडे चांगले येत होते आणि ती ते लिहून घेत होती.

निकालाची बैठक खात्याच्या मोठ्या खोलीत झाली. यंत्र हाताळणाऱ्या सगळ्यांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. खात्याचे साहेब उभे राहिले आणि आनंदानं म्हणाले, "पायथ्याची वस्ती सुधारली! सरासरी जवळजवळ टेकडीला भिडली." टाळ्या पडल्या.

डॉक्टरीणबाई उठल्या. "वस्ती सुधारली नाही," त्या म्हणाल्या. "वस्ती बदलली. मागच्या वेळी ज्यांचा श्वास सगळ्यात कमी होता ती माणसं आता तिथे नाहीत. काही मेली, बाकीची हाकलली गेली. आपण फक्त उरलेल्यांचा श्वास मोजलाय."

"मुद्दा चांगला आहे," साहेब म्हणाले. "टीप म्हणून घालू ना शेवटी."

"टीप नाही. हाच निष्कर्ष आहे."

"बाई, पाहणी वस्तीची आहे. वस्तीबाहेर कोण गेलं ते आपल्या कक्षेत येत नाही." ते खरोखरच नम्रपणे बोलत होते. मग त्यांनी पुढचा विषय घेतला. वस्ती सुधारल्यामुळे तिथल्या दवाखान्याची निकड उरली नव्हती. तो पैसा दुसरीकडे वळवला गेला.

बाहेरच्या वऱ्हांड्यात डॉक्टरीणबाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. फुंकणीबाई जवळ जाऊन उभी राहिली.

"मला पहिल्यापासून माहीत होतं असं होऊ शकतं," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "पुस्तकात शिकवतात हे. शिकवलंय मी स्वतः. तरी थांबवता आलं नाही." मग वळून म्हणाल्या, "गेलेल्यांपैकी कोण कुठे आहे, तुला माहीत आहे?"

"थोड्यांचं. माझा भाऊ कुठे होता ते माहीत आहे."

सुट्टीच्या दिवशी दोघी डॉक्टरीणबाईंच्या जुन्या गाडीतून निघाल्या. कचऱ्याच्या डोंगरापलीकडे, पुलाखाली, वीटभट्ट्यांच्या बाजूला माणसं शोधत फिरल्या. कुठे दार मिळालं, कुठे नुसती बातमी मिळाली की तो तर गेला. शेजारीण सापडली तेव्हा तिचा नवरा खाटेवर होता. तिनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, आणि नवऱ्याला उठवून बसवलं. "फुंक," ती त्याला म्हणाली. "या वेळेला नीट फुंक. लिहून घेऊ दे यांना." नळी त्याला ओठांत धरता येईना, तिनं ती हातानं धरून ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं लिहून वर पाठवलं. पुढच्या पाहणीत विचार करू, असं उत्तर आलं. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. फुंकणीबाई नोकरीत राहिली. घरी मुलं होती, आणि दुसरं काही तिला येतही नव्हतं.

एका रविवारी ती वहिनीकडे गेली, तर वहिनी नवे बूट पुसत बसलेली. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी होती.

"वन्सं, काम मिळालं मला," ती म्हणाली. "चांगलं, कायमचं. खोलीही देणार आहेत."

"कुठे?"

वहिनी बूट पुसत राहिली. "बायकाही घेतात आता घासकामाला."

फुंकणीबाई खाली बसली. "वहिनी, नको ग. काहीही कर, हे नको."

"काय करू ते सांगा. सांगाल ते करते." वहिनीच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच उत्तराची वाट बघत होती. "इथे पोरगी रात्रभर खोकते धुरानं," वहिनी पुढे म्हणाली. "तिला इथून काढायचंय. तिथे शाळा जवळ आहे."

"तोंडाला बांधायला देतात का काही?"

"मागितलं तर देतात म्हणे. पण मागणारीला मुकादम नंतर ठेवत नाही." तिनं बुटाची नाडी ओढून बघितली. "फुंकायला लावलं मला. त्यांचा डॉक्टर म्हणाला, एवढी चांगली छाती या वर्षात एकाही बाईची पाहिली नाही. लगेच घेतलं." हे सांगताना ती थोडी लाजली.

बाहेर पोरगी दोरीवरचे कपडे काढत होती. ती आत यायच्या आधी वहिनीनं आवाज खाली आणला.

"वन्सं, तुम्ही एवढ्या लोकांची बघितलीय. मला खरं सांगा. माझी छाती किती पुरेल हो? पोरगी कमवायला लागेपर्यंत पुरेल ना?"

पोरीचं वय फुंकणीबाईला ठाऊक होतं. घासकामावरच्या माणसाची छाती कुठल्या वर्षी किती उतरते, हेही तिला ठाऊक होतं. ती वहिनीच्या हातातला दुसरा बूट घेऊन पुसू लागली.

"पुरेल," ती म्हणाली.