दाराशी भरून ठेवलेली बॅग

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत होतो. फोन कवठे येमाईहून, दाजींच्या थोरल्या भावाचा. "सुदाम गेला," एवढंच ते बोलले आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा की, कंपनीत काय झालं? ते म्हणाले, कंपनीत कशाला, आज सुट्टी होती, गावी आला होता. गोठ्यापुढं बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत कलंडला. मी पुन्हा तेच विचारलं. आदल्या दिवशी कामावर काही घडलं होतं का, अंगावर काही सांडलं होतं का, कंपनीतून कोणी येऊन गेलं का... त्यांनी वैतागून फोन ठेवला. पण मी तरी काय करणार? दाजींची वाईट बातमी कधी आलीच, तर ती एमआयडीसीतूनच येणार, हे आमच्या घरात सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलेलं होतं. आता जलदानाचा विधी होऊन काही आठवडे झाले, शिरूरच्या डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला, त्यात हृदयविकारच लिहिलाय, तरी माझं मन त्या बाजेवर आणि त्या शेंगांवर विश्वास ठेवायला तयार नाही.

सुदाम दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारेगावात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात काम करायचे. माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, बी. ए. झालेला, त्यामुळं सोयरीक असो की भांडण, कागद वाचायला आणि चार प्रश्न विचारायला मलाच पुढं बसवतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? ताईच्या लग्नात मीच विचारलं होतं की सेफ्टी खातं म्हणजे नेमकं काय. दाजी म्हणाले होते, "काही होऊ नये म्हणून पगार मिळतो." हे उत्तर मला तेव्हाही सरळ वाटलं नव्हतं.

माणूस मोठा संशयी. कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढल्यावर पाहुणा बसतो, हे आधी स्वयंपाकघरात जायचे आणि सिलिंडरपाशी वाकून वास घ्यायचे. आमच्या आईला हे अजिबात खपायचं नाही. जावई माणूस चुलीपाशी जातोच कशाला? ती मला बाजूला घेऊन म्हणायची, मटणात पीस किती पडल्यात ते बघायला जातो का काय हा! दौंडच्या विहारात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, तेव्हा मंडपवाल्याला ह्यांनी जनरेटरची वायर दुसरीकडून घ्यायला लावली आणि विधी अर्धा तास थांबला. नवरीकडचे लोक मला विचारत होते की हे कोण साहेब, लाइट बोर्डाचे का. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करणाऱ्या माणसाकडं ते चोराकडं बघावं तसं बघायचे.

कारेगावात ते राहायचे ती खोल्यांची एक रांग आहे, पत्र्याच्या छपराची. निम्मे भाडेकरू बिहार-यूपीकडचे. दाजी रविवारी सकाळी शिट्टी वाजवायचे आणि सगळ्या खोल्या रिकाम्या करून माणसं समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बाभळीखाली उभी करायचे. कोण राहिलं, कोणाचं म्हातारं चालू शकत नाही, त्याला कोण धरणार, सगळं ठरलेलं. खोल्यांच्या मालकाला वाटलं हा माणूस युनियन काढतोय. नंतर त्याला वाटलं, प्लॉटवर डोळा आहे. शेवटी तो स्वतः एका रविवारी दूर गाडी लावून बघत बसला, तर दाजींनी त्यालाही काच खाली करायला लावून बाभळीखाली बोलावलं. तो आला. पण संशय काही गेला नाही त्याचा.

मग एका दिवाळीत ताई माहेरी आली आणि आईजवळ बोलली. दाजी तिला स्कूटी शिकवत होते. एटीएमचं कार्ड तिच्या हातात देऊन मागं उभे राहत होते. सिलिंडर बदलायला, मेन स्विच पाडायला, एकटीनं शिरूरला जाऊन यायला लावत होते. आणि दाराशी खुंटीला एक बॅग भरून टांगली होती; तिला हात लावायचा नाही, कधी लागेल सांगता येत नाही, असं सांगून ठेवलं होतं. आईचा चेहरा उतरला. आमच्याकडं पुरुष बायकोला बाहेरची कामं शिकवायला लागला की दोनच अर्थ निघतात. एक तर तो दूर कामाला चाललाय, नाही तर त्याचं दुसरीकडं काही तरी जमलंय. आई मला म्हणाली, "बॅग भरून ठेवलीय बाप्यानं. कुठं जायाचंय त्याला, जरा बघून ये."

मी न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवर कारेगावला गेलो. दाजी ड्युटीवर होते. ताई चहा ठेवायला वळली आणि मी खुंटीवरची बॅग काढून उघडली. आत ताईच्या दोन साड्या, भाची प्राचीचे कपडे, टॉर्च, पाण्याची बाटली, बिस्किटाचे पुडे, ताईच्या थायरॉइडच्या गोळ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्डांच्या झेरॉक्स. दाजींचं काहीच नाही. एक रुमालसुद्धा नाही. पळून जाणारा माणूस स्वतःचे कपडे भरतो. ह्यानं बायको-पोरीचे भरले होते. म्हणजे तो जाणार नव्हता, माझ्या बहिणीला घालवणार होता! आईला जे सुचलं नव्हतं ते मला सुचलं आणि शिकल्याचा उपयोग झाला असंही क्षणभर वाटलं.

दाजी आले, मोरीत हातपाय धुतले. मी बॅग मधोमध ठेवलेलीच होती. मी विचारलं, "दाजी, ही बॅग भरून कुणाला घालवायचंय?"

"तुमच्या ताईला आन् प्राचीला," ते टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले.

"कुठं?"

"वारा जिकडून येतोय तिकडं. गॅस सुटला तर वाऱ्याच्या मागं पळायचं न्हाई पाव्हणं, वाऱ्याच्या तोंडावर जायाचं. मागं पळत्यात ती मरत्यात."

"आणि तुमचे कपडे?"

ताई चहाचे कप घेऊन दारात उभी होती, तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. "मी कुठं येतोय? भोंगा झाला की समदी भाईर येत्यात. आमच्या खात्याला आत जायाचं आसतं."

ताई हळू म्हणाली, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू बॅग भरू दिली नसती. ताईनं कप खाली ठेवले, दोरीवरचा त्यांचा एक शर्ट ओढला आणि बॅगेत कोंबला. दाजींनी तो माझ्यासमोर काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला. ताईनं पुन्हा घातला. पुढं कितीतरी दिवस हे चाललं होतं म्हणे, ही घालायची, ते काढायचे, आणि शर्टावरून दोघं एक शब्द बोलायचे नाहीत.

मी संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. भावानं घ्यायलाच पाहिजे. खरं तर दाजींच्या बोलण्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. बायकोसमोर पुरुष मोठं बोलतो, हे मला माहीत आहे. माझ्या कॉलेजातला एक मित्र त्याच कंपनीत स्टोअरला होता, त्याला मी गाठलं. तो हसला. म्हणाला, तुझा दाजी येडा हाय, आगीचं ड्रिल खोटं हाय हे ठाऊक असून बी खरं धावतो, जळतंय असं समजून आत शिरतो. तेव्हा कुठं मी आईला फोन करून सांगितलं की काळजी करू नकोस. ती म्हणाली, ही तर जास्तच काळजीची गोष्ट आहे.

असा माणूस. प्रत्येक वायरीवर, प्रत्येक शेगडीवर डोळा ठेवणारा. आणि छातीत जळजळतंय तर म्हणायचा, मिसळ बाधली. ताई डॉक्टरकडं चला म्हणाली की ॲसिडिटीची गोळी चघळायचा. जगात ज्या एका गोष्टीवर त्यानं कधी संशय घेतला नाही, ती त्याच्या शर्टाच्या आत होती. मला याचा राग येतो. अजून येतो.

जलदानाच्या दिवशी कवठ्याला मांडवात दोन बाजू पडल्या. थोरले भाऊ म्हणत होते, सुदामच्या बायकोनं आन् पोरीनं इथं यावं, घर हाय, शेत हाय. मला ते बोलणं साधं वाटलं नाही; कांदा काढायच्या दिवसांत फुकटचे हात कुणाला नको असतात? माझी आई म्हणाली, लेक दौंडला येईल. थोरल्यांना तेही साधं वाटलं नसणार, कंपनीकडून जे मिळायचं ते आमच्या घरात जाईल असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांना जोखत होती आणि ताई खांबाला टेकून बसली होती. ती कुठं राहणार हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी सरळ टेंपो ठरवला.

टेंपो घेऊन कारेगावला पोचलो तेव्हा दुपार होती. ताई काही बांधत नव्हती. भांडी फळीवर होती तशीच. मी म्हणालो, आवर, आई वाट बघतेय. ती म्हणाली, चहा घे आधी. तिला कसं समजवावं या विचारात मी होतो, तेवढ्यात तिसऱ्या खोलीतली सुनीता धावत आली. "दीदी, गैस का बास आ रहा है, बहुत."

ताई उठली. आवाज वाढवला नाही तिनं. सुनीताला विचारलं, लाइट लावली का? नाही लावली. प्राचीनं तोवर शिट्टी वाजवली होती आणि खोल्यांतून माणसं निघत होती, कोणी म्हातारीला धरून, कोणी पोर काखोटीला मारून. टेंपोवाला बिचारा गाडी बाजूला घ्यावी म्हणून चावी फिरवायला गेला, तर ताई त्याच्यावर कडाडली, "चालू करू नगं! उतर खाली." मी तिच्या मागं निघालो. तिनं माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं सारलं. "बापू, तू भाईर थांब."

आणि ती आत गेली.

मी बाभळीखाली उभा होतो, अनोळखी माणसांच्या ओळीत. सुनीता रडत होती. आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग दुसरी. ताई, बाहेर ये, असं मी ओरडलो असेन, मला नीट आठवत नाही... मग दारातून ती सिलिंडर फरफटत बाहेर काढताना दिसली. उंदरानं नळी कुरतडली होती, बाकी काही नाही. सिलिंडर उघड्यावर ठेवून ती दारात येऊन उभी राहिली आणि वास जाईपर्यंत एकाही माणसाला तिनं हलू दिलं नाही. कोणी हललंही नाही. मी ताईला आयुष्यात कधी असं बघितलं नव्हतं. नवरा गेलेली बाई म्हणून मी तिला न्यायला आलो होतो.

ती टेंपोवाल्याकडं वळली. "कर आता चालू. आन् जा. ह्याचं काय आसंल ते बापू देईल." माझ्याकडं बघितलंच नाही. मी म्हणालो, ताई, थोरले काय म्हणतील, आई काय म्हणेल, एकटी बाई इथं कशी राहशील? ती म्हणाली, एकटी कुठं, एवढी माणसं हायती की. मग सुनीताच्या पोराला कडेवर घेऊन ती त्यांच्या खोलीत नळी बघायला गेली.

मी तिच्या दारात बसलो. मनात अजून होतंच की हे आजचं, घटकेचं अवसान आहे; चार दिवसांनी फोन येईल, बापू, टेंपो आण. ताईनं आत जाताना पायांत सरकवलेले बूट तिनं उंबऱ्याशी काढून ठेवले होते. दाजींचे कंपनीचे बूट, जाड सोलाचे, पुढून लोखंडी. तिचे पाय लहान. एवढ्या मोठ्या बुटांत ती धावली कशी, पडली कशी नाही, असं वाटून मी एक उचलला आणि आत हात घातला. टोकाशी जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या, दाबून दाबून बसवलेल्या, आणि त्यांवर तिच्या पायाच्या बोटांचे ठसे पडले होते. एका दिवसात पडत नाहीत तसे ठसे.