उसवून बघा

माझे वडील टेलरमास्तर. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, पण कुणाचा धाक म्हणून घेतला नाही.

बासष्टाव्या वर्षी ते उभ्या उभ्या मागच्या मागे पडायला लागले. डॉक्टरांनी दोन मिनिटांत पार्किन्सन ठरवला. मास्तरांनी खिशातून सुई काढली, डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला.

"कंप कुठाय, दाखवा."

"सगळ्यांनाच कंप नसतो," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून मोकळे झाले.

मास्तरांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. त्यांची नजर खाली वळत नव्हती. ताटातलं दिसेना, पायरी दिसेना. त्यांनी मशीनखाली दोन लाकडी खोकी सरकवली, सुई डोळ्यांच्या रेषेत आणली आणि हातानं चाक फिरवून शिवत राहिले. गिऱ्हाईकं हसायची. हसोत बापडी, कपडे वेळेवर मिळत होते ना!

गोळ्यांनी तसूभर फरक पडेना. माझ्या मोठ्या भावाचा निकाल तयारच होता. "बाबा गोळ्या थुंकतात," म्हणायचा दादा आणि रोज त्यांना तोंड उघडून दाखवायला लावायचा. ज्यांच्या जिवावर आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, त्यांना! माझं डोकं फिरायचं. मास्तर मात्र आ करायचे आणि पुन्हा मशीनकडे वळायचे.

मग एक दिवस त्यांनी, माणूस गेल्यावर त्याचा मेंदू ठेवून तपासणाऱ्या ब्रेन बँकेचा अर्ज मागवला. संमतीसाठी जवळचा नातेवाईक म्हणून माझं नाव घातलं.

"कोट कुठे बिघडलाय ते अस्तर उसवल्याशिवाय कळत नाही. मी गेलो की उसवून बघा."

"लोक काय म्हणतील, बाबा?" दादा ओरडला.

"म्हणू देत. कोण खोटं बोलतंय ते एकदा कळू दे."

ते गेले त्या सकाळी ब्रेन बँकेची गाडी आली आणि दादा दारात आडवा उभा राहिला. "बाबांना कुणी हात लावायचा नाही."

मेंदू काही तासांतच काढावा लागतो, नाहीतर त्यातून फारसं कळत नाही. माझा संयम संपला.

"रोज त्यांचं तोंड उघडून बघत होतास, तेव्हा हात लागत नव्हता का?"

तो बाजूला झाला. मी सही केली.

अर्धा मेंदू गोठवला, अर्धा टिकवण्यासाठी फॉर्मलिनमध्ये ठेवला, कागदाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, असं तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मला फोनवर नीट समजावलं. पाच महिन्यांनी अहवाल आला. मी तो दुकानात नेला आणि दादाच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाच."

"पार्किन्सन नाही. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार. नजर वर-खाली वळवणाऱ्या भागातल्या पेशी झडलेल्या." तो अडखळला. "या आजारात त्या गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही."

शेवटची ओळ त्यानं बोट ठेवून पुन्हा वाचली.

"म्हणजे... गोळ्या घेत होते ते."

"मला नको सांगू. तिकडे सांग."

खोक्यांवरच्या त्या उंच मशीनकडे दादानं कागदावरून मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा म्हणाला, "घेत होतात तुम्ही, बाबा."