बुसैतीनच्या पिंजऱ्यातली गाठ

गणपतीला हात जोडतो, तेवढाच माझा देवधर्म. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाच्या निमित्ताने उठून जातो. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही... मीही हसलो असतो.

एक्क्याऐंशी साल. मी बहारीनमध्ये सुतार होतो. सोबत चुलतभाऊ वसंत, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याचा व्हिसा मीच काढून दिलेला. आमच्या अरबाबचं, म्हणजे मालकाचं, घर बुसैतीनला होतं. त्याला वाळवंटातल्या घोरपडी पाळायचा नाद. पिल्लं काढायची म्हणून मागच्या अंगणात मोठा पिंजरा बांधायला सांगितलं. उकरून पळू नयेत म्हणून खाली काँक्रीट, त्यावर दोन फूट वाळू, भिंतींना आतून गुळगुळीत पत्रा, डोक्यावर जाळी. अंड्यांसाठी प्लायवूडची पेटी मी स्वतः केली. चार घोरपडी आल्या. त्यातली एक गाभण. तिला अरबाब लेकीसारखं जपायचा.

वसंताचा गुडघा दुखायचा, आणि गावाकडे त्यावर घोरपडीचं तेल लावतात. शुक्रवारी अरबाब नमाजाला गेला आणि या शहाण्याने नेमकी तीच गाभण मादी धरली. आमच्याकडचे शिकारी घोरपड बांधायला दोरी वापरत नाहीत. तिच्याच बोटांतल्या शिरा ओढून बाहेर काढतात आणि त्यांनीच पाय पाठीवर बांधतात — जिवंतपणी. मी पोचलो तेव्हा गाठ मारून झाली होती. ती तोंड वासून नुसती फुसफुसत होती.

"मेल्या, ह्या काय केलंस?"

"गुडघ्याक तेल होया, दादा. एक गेली तर काय जाता?"

माझं डोकं फिरलं. हातातली फळी त्याच्या पाठीत घातली. दोनदा. मादी तासाभरात मेली. बाकीच्यांनी चावून मारली, असं आम्ही अरबाबला सांगितलं. तो रडला. मला माझीच लाज वाटली.

मंगळवारी सकाळी दहाला मादीच्या रक्ताने माखलेली वाळू बदलायची होती. उरलेल्या तिन्ही घोरपडी मी पेटीत घालून बाहेरून कडी लावली. वसंत आत गेला. मी दाराशी पाठमोरा बसून फळीला रंधा मारत होतो. एकदम किंकाळी...

पाच पावलांवर होतो मी. वसंत वाळूत पालथा पडला होता, दोन्ही हात पाठीवर. अंगठे फाटलेले. आतल्या पांढऱ्या शिरा बाहेर ओढून एकमेकींत बांधलेल्या. त्याच्याभोवती वाळूवर फक्त त्याचीच पावलं होती. पेटीची कडी तशीच.

हॉस्पिटलमध्ये वसईची एक नर्स होती. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हे जनावराचं काम नाही हो. ही गाठ मारलेली आहे."

पोलिसांनी मला तीन दिवस ठेवलं. पुरावा मफी, म्हणजे काहीच नाही, म्हणून सोडलं. वसंताच्या हातात परत कधी साधा पेलासुद्धा धरला गेला नाही. तो गावी गेला.

ती गाठ मी बघताक्षणी ओळखली होती. अख्ख्या बहारीनमध्ये ती मारता येणारे आम्ही दोघेच, आणि त्यातल्या एकाचे हात बांधलेले होते. मी ते केलं नाही. मग कुणी केलं, हे मला आजही सांगता येत नाही.

गावी गेलो की वसंताकडे जातो. बायको त्याला भरवत असते. तो चिडत नाही, ओरडत नाही. दर वेळी एवढंच विचारतो, "दादा, राग इललो तर आणखी दोन फळ्यो घालूच्यो हुत्यो. हात कित्याक बांधलंस?"